फर्नचे बीजाणू पेरले, हिरवा थर आला, पुढे काहीच नाही: नेमकं कुठे अडतं?

"दोन महिने झाले डबा झाकून ठेवलाय. आत सगळं हिरवं झालंय, पण फर्न काही येत नाही. शेवाळ धरलं वाटतं. टाकून देऊ का?"

दिवाळी सरली की हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. कुणी कोकणातून येताना विहिरीच्या कठड्यावरच्या हंसराजाचं, म्हणजे तिथे उगवणाऱ्या नाजूक फर्नचं, पान आणलेलं असतं, कुणी महाबळेश्वरहून, कुणी शेजारणीच्या कुंडीतलं. पान झटकलं, भुकटी पेरली, आठवडे मोजले आणि गाडी एका जागी येऊन थांबली. मी स्वतः पहिली दोन वर्षं असे हिरवे डबे कचऱ्यात रिकामे केले. तिसऱ्या वर्षी ओळखीच्या एक निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या बाई घरी आल्या होत्या. डबा उजेडाकडे तिरका धरून त्या म्हणाल्या, "अहो, शेवाळ कसलं? हेच तुमचं फर्न. त्याचं अर्धं आयुष्य इथे चाललंय." त्या डब्यातून पुढे अकरा रोपं झाली. म्हणून आधीच सांगतो, टाकू नका.

मेथी पेरली की मेथी येते, कोय लावली की आंबा येतो. त्याच सवयीने आपण फर्नची भुकटी पेरतो आणि फर्नची वाट बघतो. पण ती भुकटी म्हणजे बी नव्हे. बियात तयार गर्भ असतो, सोबत त्याची शिदोरी असते. बीजाणू म्हणजे एकच पेशी आणि तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच. ती रुजली की नखाहून लहान, हृदयाच्या आकाराचं, कागदासारखं पातळ हिरवं पातं होतं. त्याला प्रोथॅलस म्हणतात. मी पुढे 'पातं'च म्हणणार आहे. त्याला खरी मुळं नसतात, खोड नसतं, शिरा नसतात. खालच्या अंगाला बारीक केस असतात, तेवढ्यावर ते मातीला धरून राहतं आणि स्वतःचं अन्न स्वतः करतं. याच पात्याच्या खालच्या बाजूला नराचे आणि मादीचे अवयव येतात. नरपेशी पाण्यातून पोहत जाऊन अंडपेशीला मिळते आणि त्या मिलनातून दोन संचांचं, आपल्या ओळखीचं फर्न उगवतं. ते वाढलं की पानामागे पुन्हा बीजाणू. विल्हेल्म होफमाइस्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मॉसपासून फर्नपर्यंत हा दोन पिढ्यांचा पाळीपाळीने चालणारा क्रम उलगडून दाखवला.

तेव्हा डबा अडलाय म्हणजे यातल्या कुठल्या टप्प्यावर अडलाय, हे आधी ठरवायचं. प्रत्येक टप्प्याची गरज वेगळी आहे. एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक डबे घाईघाईने चुकीचा उपाय केल्यामुळेच गेलेत. हाताशी दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं चालतं. त्याच्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही.

महिना होऊन गेला, हिरवा ठिपकासुद्धा नाही

पहिली शंका घ्यायची ती भुकटीवर. तिच्यात बीजाणू होते का?

पानामागचा एकेक तपकिरी ठिपका म्हणजे बीजाणुधान्यांचा, बीजाणू भरलेल्या इवल्या पिशव्यांचा, झुबका. एका बीजाणुधानीत बहुधा ६४ बीजाणू असतात. तिच्या पाठीवरून जाड भिंतींच्या पेशींचं एक कडं गेलेलं असतं, ॲन्युलस. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडतं, कडं धनुष्यासारखं मागे ओढलं जातं आणि धानी फाटते. ताण असह्य झाला की उरलेल्या पाण्यात बुडबुडे होतात आणि कडं झटक्यात पुढे येतं. गोफणीतून दगड सुटावा तसे बीजाणू उडतात. पिकलेलं पान टेबलावरच्या दिव्याखाली उलटं ठेवून भिंगातून बघा. तव्यात लाह्या फुटाव्यात तसा तो ठिपका हलताना दिसतो. मी हे कितीदा पाहिलंय, तरी दर वर्षी पुन्हा बघतोच.

यावरून पान कधी तोडायचं ते कळतं. लवकर तोडलं तर धान्या हिरवट आणि बंद. उशिरा तोडलं तर बीजाणू केव्हाच उडून गेलेले आणि कागदावर पडतो तो नुसता टरफलांचा चुरा. रंग तपकिरीच असल्यामुळे हा चुरा बऱ्याच जणांना फसवतो. भरलेली धानी भिंगाखाली गडद आणि तुकतुकीत दिसते, फुटलेली फिकट आणि विस्कटलेली. आपल्याकडे पाऊस ओसरताना, भाद्रपद-आश्विनात, पुष्कळ फर्न पिकतात. हंसराजाच्या बाबतीत ठिपके पानामागे मधोमध शोधू नका. त्याच्या धान्या पानाच्या कडेला असतात आणि कड त्यांच्यावर दुमडलेली असते, साडीला काठ दुमडून शिवावा तशी. जुन्या भिंतींच्या सांध्यातून उगवणाऱ्या टेरिस या फर्नचंही तसंच, कडेने लांब रेघ. झाड उपटून आणायची काहीच गरज नाही. एका पिकल्या पानात लाखांनी बीजाणू असतात.

पान कोऱ्या पांढऱ्या कागदावर, ठिपके खाली येतील असं ठेवा, वर दुसरा कागद, दोन दिवस, पंखा बंद. पान उचललं की कागदावर भुकटीने त्याचीच नक्षी उमटलेली दिसते. आता कागद तिरका धरून मागून हलकी टिचकी मारा. टरफलं हलकी आणि मोठी, ती आधी घरंगळतात. बीजाणू कागदाला चिकटून मागे राहतात. पेरायचे ते हे मागे राहिलेले, पिठासारखे बारीक. या एका कृतीने पुढची निम्मी बुरशीही टळते.

बीजाणू नक्की होते आणि तरी उगवले नाहीत, तर ते मातीत पुरले होते का ते आठवा. बहुतेक फर्नच्या बीजाणूंना रुजायला उजेड लागतो. मातीचा पातळ थर वर टाकला की ते नुसते पडून राहतात. पृष्ठभागावर भुरभुरायचे आणि तसेच सोडायचे. कपाटात 'सावलीत' ठेवलेल्या डब्याचीही हीच गत होते. ज्यावर पेरायचं ते माध्यम उकळत्या पाण्याने धुऊन ते गरम असतानाच कुणी पेरलं असेल, तर बीजाणू शिजले.

बीजाणूंचं वय हाही मुद्दा आहे, पण सगळ्यांना सारखा लागू नाही. तपकिरी किंवा पिवळसर बीजाणू कोरड्या कागदात, थंड जागी दोन-तीन वर्षंसुद्धा टिकतात. हिरवे बीजाणू मात्र जिवंत हरितद्रव्य घेऊन निघतात आणि काही आठवड्यांतच निकामी होतात. ऑस्मंडा या फर्नचे बीजाणू असे हिरवे असतात. ते मिळाले तर त्याच आठवड्यात पेरा.

आणि बोस्टन फर्न. टांगत्या कुंडीतलं हे झाड घरोघरी असतं, त्यामुळे प्रयोगाला तेच हाताला लागतं. त्याचे बीजाणू बहुधा वांझ असतात, कितीही पेरले तरी व्यर्थ. त्याला तारेसारखे लोंबणारे धावते फुटवे येतात, ते दुसऱ्या कुंडीतल्या ओल्या मातीला टेकवा, तिथे रोप होतं.

जाता जाता एक सांगतो, कारण यात झाडं मरताना पाहिलीत. पानामागे तपकिरी ठिपके दिसले की रोग समजून औषध मारणारे पुष्कळ आहेत. बीजाणूंचे ठिपके ठरलेल्या नक्षीत असतात, शिरेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर किंवा कडेने ओळीत. खवल्या कीड कुठेही बसते, पानाच्या दोन्ही अंगांना आणि देठावरही. नखाने ती अखंड सुटते आणि पान चिकट लागतं. आधी नख लावून बघा, फवारणीचं नंतर.

पांढरी बुरशी, काळपट चिकटा, बारीक माश्या

इथे पेरणीआधीची स्वच्छता कमी पडलेली असते. बीजाणू सावकाश वाढतात. बुरशीला तेवढा धीर नसतो.

माती, कंपोस्ट, शेणखत यांच्या वाटेला न जाता मी विटेवर आलो आणि तिथेच राहिलो. चांगल्या भाजलेल्या लाल विटेचा मुठीएवढा तुकडा, किंवा फुटक्या कुंडीची खापरी, २० मिनिटं पाण्यात उकळायची. पारदर्शक मिठाईचा डबा गरम पाण्याने धुऊन घ्यायचा, तळाशी उकळून गार केलेलं बोटभर पाणी, त्यात वीट अशी ठेवायची की माथा पाण्याच्या वर राहील. वीट पूर्ण गार झाली की वर चिमूटभरही नाही, सुईच्या टोकावर मावतील एवढे बीजाणू भुरभुरायचे. झाकण लावायचं, पूर्वेच्या खिडकीत, थेट ऊन पडणार नाही असं ठेवायचं. वीट खालून पाणी ओढत राहते, माथा ओला राहतो पण बुडत नाही. लाल पार्श्वभूमीवर पहिला हिरवा ठिपका लगेच डोळ्यात भरतो, हा आणखी एक फायदा. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा चुरा) चालतं, पण उकळतं पाणी दोनदा ओतून, निथळून. बोअरच्या पाण्याने विटेवर पांढरे क्षार धरतात, म्हणून डब्यासाठी पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी उकळून वापरतो.

झाकणाने कोंडमारा होईल ही भीती मनातून काढा. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये एका पतंगाचा कोष ओल्या मातीत बंद बाटलीत ठेवला होता. कोष राहिला बाजूला, मातीतून फर्न उगवलं आणि बंद काचेत वाढत राहिलं. तिथूनच रोपं काचेच्या पेट्यांतून जहाजाने देशोदेशी नेण्याची पद्धत निघाली. आत गेलेलं पाणी आतच फिरतं.

बुरशी आलीच तर सगळ्या डब्यावर औषध ओतू नका. तेवढा भाग निर्जंतुक केलेल्या चमच्याने थोडी जास्त कड घेऊन काढून टाका आणि दोन दिवस झाकण केसभर उघडं ठेवा. काळसर-निळसर चिकट थर दिसला तर पाणी जास्त झालंय. पाण्याची पातळी उतरवा. चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या दिसल्या तर घाई करा, कारण त्यांच्या अळ्या कोवळी पाती रात्रीतून कुरतडतात. मी अशा वेळी चांगली दिसणारी पाती चिमट्याने उचलून नव्या विटेवर नेतो आणि जुना डबा सोडून देतो.

हिरवं आहे, पण ते फर्नच आहे कशावरून?

भिंगाखाली बघा. मॉस असेल तर फांद्या फुटलेल्या धाग्यांची मखमल दिसते आणि तिच्यातून इवल्या पानांचे उभे कोंब येतात. फर्नचा बीजाणू आधी एक छोटा धागा काढतो, चार-सहा पेशींचा, आणि मग त्याचं टोक रुंदावत चपटं होतं. आधी चमच्यासारखं, मग वरच्या कडेला खाच पडून हृदयासारखं. एका पेशीच्या जाडीचं असल्यामुळे ते उजेडात जवळजवळ आरपार दिसतं. मध्यभागी तेवढी जाड गादी.

जमैकात सर्जन असलेले जॉन लिंडसे यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस कुंडीत फर्नची भुकटी पेरून रोज सूक्ष्मदर्शकाने पाहणी केली आणि १७९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तोवर युरोपात शतकानुशतकं फर्नच्या 'अदृश्य बी'बद्दल दंतकथा चालत होत्या. पेरून, धीराने बघत बसण्याचं काम फारसं कुणी केलं नव्हतं. ज्यांना डबा कंटाळवाणा वाटतो त्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

दोन महिन्यांनंतरही नुसते धागेच असतील, पाती होत नसतील, तर उजेड अपुरा आहे. रुजण्यासाठी तांबडा उजेड पुरतो, पण धाग्याचं पसरट पातं व्हायला निळा उजेडही लागतो. खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली म्हणूनच धागे लांबत बसतात. खिडकीजवळ न्या, किंवा पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली रोज १०-१२ तास ठेवा. आठ-दहा दिवसांत टोकं रुंदावू लागतात.

हृदयं झालीत, भरपूर झालीत, आणि तरी फर्न नाही

खरी अडचण ही. सुरुवातीला लिहिलेला प्रश्न इथलाच, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं: पात्यांना ओल मिळते, पाणी मिळत नाही.

हा फरक नीट समजून घ्या. पात्याच्या खालच्या अंगाला, केसांच्या आसपास, नराचे गोल फुगीर अवयव येतात, अँथेरिडियम. खाचेच्या मागे, जाड गादीवर, मादीचे सुरईच्या मानेसारखे अवयव येतात, आर्किगोनियम. अँथेरिडियम पाण्याने भिजलं की फुटतं आणि त्यातून मळसूत्रासारख्या वळलेल्या, अंगावर चाबकासारख्या कितीतरी बारीक शेपट्या असलेल्या नरपेशी बाहेर पडतात. आर्किगोनियमची मानही भिजल्यावरच उघडते. आतल्या पेशी विरघळून तिच्यातून चिकट द्रव बाहेर येतो. विल्हेल्म फेफर यांनी १८८४ मध्ये दाखवून दिलं की फर्नच्या नरपेशींना मॅलिक आम्ल ओढून घेतं, तेच जे सफरचंदाला आंबटपणा देतं. हे अंतर काही मिलिमीटरचंच, पण ते पोहून जायचं. मध्ये पाण्याची अखंड पुसट फिल्म नसेल तर नरपेशी बाहेरच पडत नाहीत. बंद डब्यातली दमट हवा पात्यांना जिवंत ठेवते, महिनोन्महिने ठेवते. म्हणूनच डबा हिरवागार दिसतो आणि पुढे सरकत नाही. रानात हे काम पाऊस करतो, दगडावरून ओघळणारं पाणी करतं. डब्यात पाऊस पाडायला आपल्यालाच लागतं.

एकदा त्या बाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी हे पाहिलं. चार दिवस मुद्दाम जरा कोरडं ठेवलेलं एक पातं काचपट्टीवर उलटं ठेवलं आणि ड्रॉपरने पाण्याचा थेंब सोडला. पाच-सात मिनिटं काही नाही. मग एका फुगवट्याच्या तोंडातून बारीक गोळे बाहेर ढकलले गेले, क्षणभर तिथेच थरथरले, एकेक करून उलगडले आणि गिरक्या घेत सुटले. पाचेक मिनिटांनी खाचेजवळच्या एका मानेभोवती त्यांची दाटी झाली होती. माझ्या हातात जे पातं होतं ते शेंगदाण्याच्या सालीच्या तुकड्याएवढं. विहिरीतल्या हंसराजाकडे मी तेव्हापासून वेगळ्या डोळ्यांनी बघतो.

तर उपाय. वरून स्प्रे मारणं पुरत नाही, कारण अवयव खालच्या अंगाला आहेत. बरेच जण इथेच चुकतात. रोज फवारतात, वरचं अंग चमकतं, खालचं तसंच. पाणी खालून चढवा. उकळून गार केलेलं पाणी डब्याच्या कडेने हळूहळू ओता, विटेच्या माथ्याशी येईपर्यंत. पाती पाण्यावर तरंगायच्या बेतात आली की थांबा. तासभर तसंच राहू द्या आणि मग जास्तीचं पाणी ड्रॉपरने किंवा कापसाने काढून घ्या. कोकोपीट असेल तर भोकं असलेला डबा पाण्याच्या ताटलीत ठेवा, खालून पाणी पृष्ठभागावर येतं. आठवड्यातून एकदा असं चार-पाच आठवडे करा, कारण सगळी पाती एकाच दिवशी वयात येत नाहीत. हृदयं ४-५ मिलिमीटरची होईपर्यंत हे सुरू करू नका. त्याआधी मादीचे अवयव तयारच नसतात.

पाणी दिलं, दोन महिने गेले आणि तरी काही नाही, असंही होतं. मग दाटी बघा. पेरताना हात सैल सुटला की पाती एकमेकांवर चढतात, हृदयं होण्याऐवजी अरुंद जिभांसारखी उभी राहतात. अशी पाती बहुतांशी नुसती नरच राहतात. यात उपासमार आहे, पण आणखीही एक गोष्ट आहे आणि मला ती फर्नच्या सगळ्या कहाणीत सर्वांत विलक्षण वाटते. वाल्टर ड्योप या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० मध्ये ब्रॅकन फर्नवर दाखवलं की आधी मोठी झालेली पाती एक रसायन सोडतात, आणि त्याच्या प्रभावाखाली आजूबाजूची लहान पाती नर होतात. त्या रसायनाला अँथेरिडियोजेन म्हणतात. पुढे हे इतरही फर्नमध्ये सापडलं. जे पातं आधी पोचलं त्याला मादी व्हायला सवड मिळते, मागून आलेली पाती त्याच्यासाठी नरपेशी पुरवतात. डब्यात मोजकी मोठी हृदयं आणि भोवती बारकी पाती असतील तर रचना उत्तमच आहे. सगळीच बारकी असतील तर मादीला जागाच मिळालेली नाही.

अशा वेळी विरळणी करा. टाचणीचं टोक किंवा बारीक चिमटा उकळून घ्या, पाच-सहा पात्यांचा पुंजका उचलून नव्या विटेवर किंवा कोकोपीटवर दोन-दोन सेंटिमीटरवर ठेवा, हलकं दाबा, वरचं अंग वरच राहील हे बघा. एकेक पातं सुटं करायच्या भानगडीत पडू नका. एक तर ते फाटतं, आणि एकट्या पात्याची स्वतःचीच नरपेशी स्वतःच्याच अंडपेशीला मिळाली तर होणाऱ्या रोपात गुणसूत्रांचे दोन्ही संच तंतोतंत सारखे असतात. एरवी झाकले जाणारे दोष उघडे पडतात आणि अशी कित्येक रोपं कोवळेपणीच जातात. जमलं तर एकाच जातीच्या दोन वेगळ्या झाडांचे बीजाणू मिसळून पेरा. माझ्या डब्यांत याने बराच फरक पडला.

कुणी म्हणेल, माझ्या होली फर्नला असलं काही करावं लागलं नाही. खरं आहे. होली फर्न आणि टेरिस क्रेटिका ही मीलन टाळून सरळ पात्याच्या गादीतूनच रोप काढतात. त्यांना पाण्यावाचून अडत नाही. त्यांच्या एका बीजाणुधानीत ६४ ऐवजी ३२ बीजाणू असतात, ही त्यांची ओळखीची खूण. नवशिक्यांनी होली फर्नपासून सुरुवात करावी असं मी सांगतो. हात बसतो. पण त्यावरून हंसराजाचा हिशेब मांडू नका.

पान आलं, पण हे फर्नचं दिसत नाही. आणि हृदय पिवळं पडतंय

दोन्ही ठीक चाललंय. खाचेतून वर येणारं पहिलं पान साधंसं असतं, छोट्या पंख्यासारखं, कधी नुसतं दोन फाटे पडलेलं. त्यावरून जात ओळखू येत नाही. पाच-सहा पानांनंतर हळूहळू खरा आकार उतरतो. रोपाचं पहिलं मूळ मातीत जाईपर्यंत ते पात्याकडूनच अन्न घेतं, आणि मूळ लागलं की पातं पिवळं, मग तपकिरी होऊन विरून जातं. त्याला वाचवायला खत किंवा जास्त पाणी देऊ नका. खत या टप्प्यावर दिलंच तर ठरल्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याइतकं पातळ.

झाकण काढलं आणि एका दुपारीत सगळं माना टाकून बसलं

माझे सगळ्यात जास्त रोपटे इथे गेलेत, त्यामुळे याबद्दल काळजीने लिहितो. बंद डब्यात वाढलेल्या पानाला कोरडी हवा ठाऊकच नसते. पुण्यात मार्च-एप्रिलची दुपार त्याला अर्ध्या तासात वाळवते. रोपाला तीन-चार पानं आणि बोटाच्या पेराएवढी उंची आली की झाकण पहिल्या आठवड्यात काडीच्या जाडीएवढं उघडा, दुसऱ्यात बोटभर, तिसऱ्यात रात्रभर पूर्ण उघडं आणि दिवसा अर्धं. पानं लोळली तर लगेच मागचा टप्पा. महिना लागतो, तो लागू द्या. पश्चिमेच्या खिडकीतला बंद डबा उन्हाळ्यात भट्टी होतो, हेही ध्यानात ठेवा. २० ते २५ अंशांत सगळे टप्पे सुखाने चालतात. मार्चपासून डबा घरात जमिनीलगत, ओल्या फडक्यावर ठेवतो.

म्हणून वेळेचं गणित मी उलटं मांडतो. ऑक्टोबरात पेरलं तर दोन-तीन आठवड्यांत हिरवं, डिसेंबर-जानेवारीत हृदयं, थंडीत पाण्याचे फेरे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिली पंखापानं. ती उन्हाळाभर डब्यातच ठेवायची आणि झाकण उघडायची सुरुवात मेअखेरीस करायची, म्हणजे रोप बाहेर पडतं तेव्हा बाहेरची हवाच जूनची, ओली असते. त्या अकरा रोपांपैकी सात मी असंच पहिल्या सरीनंतर अंगणातल्या जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यांत चुना-विटेच्या चुऱ्यासकट दाबून लावली. पाच जगली. पुढच्या वर्षीच्या आश्विनात एकाच्या पानांच्या कडा पहिल्यांदा दुमडल्या होत्या, आत तपकिरी रेघ धरली होती.